सोबत्याचं सुतक

मला लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यानं पोटात घालावं. शब्दही साधेच आहेत, भट्टीवर बोलतो तेच. पण चाचा त्या दिवशी जे म्हणाले ते कुठंतरी उतरवून ठेवावं असं वाटलं, म्हणून लिहितो.

"...मग मी किती दिवस पाळायचं, चाचा?"

चाचा निखारे सारखे करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय पाळायचं?"

"सुतक. भावाभावांत दहा दिवस. चुलत भावकीला दहा. आजोळच्यांना तीन. माझं आणि जालूदादाचं काहीच नातं नव्हतं. नुसतं सोबत काम..."

"तुमच्यात सोबत्याचं सुतक नाही?"

"नाही. तुमच्यात?"

"नाही."

चाचांनी भाता ओढला. निखारे लाल झाले, परत काळवंडले...

चाचा म्हणजे दस्तगीर मिस्त्री. दगडखाणीच्या रस्त्यावर त्यांची लोहारकामाची भट्टी आहे. वय सत्तरीच्या पुढं. खाणीतल्या माणसांच्या पहारी आणि छिन्न्या आम्ही करून देतो.

पहारीसारखं जाड लोखंड एका माणसाला ऐकत नाही. चाचा तापलेली पहार सांडशीनं ऐरणीवर धरतात आणि लहान हातोडीनं टकटक करून दाखवतात, इथं मार. मग ऐरणीच्या दोन अंगांना उभे असलेले दोघं पाळीपाळीनं घण मारतात. एक पहिला, एक दुसरा. पहिल्यानं ताल धरायचा. दुसऱ्यानं त्याच्या मागं जायचं. पहिला घण पडतो त्या वेळी दुसरा हवेत असलाच पाहिजे.

जालिंदर, म्हणजे जालूदादा, पहिला घण होता. मी दुसरा. पाच वर्षं.

मी मागंमागं असायचो म्हणून तो मला शेपूट म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की सांगायचा, हे आमचं शेपूट, नाव भैरू, चावत नाही.

एका मंगळवारी संध्याकाळी त्यानं घण भिंतीला टेकवला, उद्या तंबाखूची पुडी तू आण म्हणाला आणि घरी गेला. बुधवारी पहाटे अंगणात तोंड धुताना खाली बसला, तो उठलाच नाही. अडतीस वर्षांचा होता. दुखणं नाही, खुपणं नाही. मी पुडी घेऊन भट्टीवर त्याची वाट बघत होतो.

दहाव्याला मी गेलो होतो. नदीवर त्याचे भाऊबंद ओळीनं बसले होते. कुणीतरी विचारलं, तुम्ही कुणाकडचे पाव्हणे. मी म्हणालो, सोबत कामाला होतो. बरं बरं म्हणून त्या माणसानं तोंड फिरवलं. त्यात त्याची काही चूक नाही. मीही फिरवलं असतं.

तिथून त्याच्या घरी गेलो. निघताना त्याची बायको, वहिनी, दारापर्यंत आल्या. त्यांनी हळूच विचारलं, भट्टीवर ते बोलायचे का. घरी चार शब्दसुद्धा बोलायचे नाहीत.

जालूदादा भट्टीवर दिवसभर बोलायचा. खाणीच्या मुकादमाची नक्कल करायचा आणि आमच्याआधी स्वतःच हसायचा. माझं लग्न जमत नाही म्हणून चाचांच्या शेळीशी माझी सोयरीक ठरवायचा, मानपानाची बोलणीही स्वतःच करायचा. हे सगळं वहिनींना सांगायचं होतं.

"बोलायचे," एवढंच म्हणालो, आणि चप्पल घालून निघालो.

बाराव्या दिवशी चाचांनी कुंडलिकला आणलं. चाळिशीचा गडी, आधी भूम गावाकडच्या एका भट्टीवर होता. आला, सलाम केला, घण उचलला आणि सरळ ऐरणीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला.

जालूदादाच्या जागी.

त्याचा काय दोष? रिकामी जागा तीच होती.

मी मध्ये गेलो आणि त्याच्या हातातला घण धरला. तिथं उभं राहायचं नाही म्हणालो. माझा आवाज एवढा चढलेला मीच कधी ऐकला नव्हता. कुंडलिक गडबडला. मग कुठं उभा राहू, असं त्यानं चाचांना विचारलं. चाचांनी त्याला चहा पाजला आणि उद्या ये म्हणून परत पाठवलं.

तो गेल्यावरच मी सुतकाचं विचारलं होतं. त्यावर चाचांनी भाता ओढला, आणि उलट मलाच विचारलं.

"तुझं म्हणणं काय आहे, भैरू?"

"त्याची जागा कुणाला द्यायची नाही."

"आणि काम?"

"दोघांचं मी एकटा करीन."

"करशील?"

"करीन. नाही जमलं तर भट्टी सोडून जाईन. पण तिथं दुसरा माणूस उभा राहिलेला मला बघवणार नाही."

"बरं," चाचा म्हणाले.

त्यांनी पहार तापवली, ऐरणीवर धरली, हातोडीनं दाखवलं. मी घण उचलला...

आणि थांबलो.

मुद्दाम नाही. हात आपोआप थांबला. समोरून घाव पडला की मग माझा, असं पाच वर्षं अंगात बसलेलं. समोरून काही पडेना. घण हवेत आणि मी उभा. पहारीचा पिवळा रंग लाल झाला, लाल काळा झाला. चाचांनी पहार परत निखाऱ्यात घातली.

दुसऱ्या वेळीही तेच झालं.

तिसऱ्या वेळी मी दात खाऊन घण खाली आणला, पण तोपर्यंत लोखंड गार झालं होतं. टोकापासून बोटभर चीर गेली. आवाज अगदी लहान झाला, सुपारी फुटावी तसा.

"फुटली," मी म्हणालो.

"फुटली."

"माझ्यानं होत नाही, चाचा... त्याचा पडल्याशिवाय माझा उतरतच नाही."

मला वाटलं, आता चाचा सांगतील, गेलेला माणूस परत येत नसतो. बारा दिवस सगळे तेच सांगत होते. चहाच्या टपरीवाल्यानंही सांगितलं होतं. चाचांनी सांडशी खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि मला ऐरणीला वळसा घालून डाव्या अंगाला नेलं.

मी पाय रोवले. तिथं नको म्हणालो.

"का? तू परका आहेस का?"

चाचांनी माझं मनगट सोडलं.

"उभा राहा."

उभा राहिलो. पायाखाली दोन खळगे होते. रोज त्याच जागी पाय रोवून जालूदादानं मातीत पाडलेले. माझे पाय त्यात सैल बसले.

"काय दिसतंय?"

"भट्टी."

"भट्टी तिकडूनही दिसते."

मी समोर बघितलं. समोर माझी जागा होती. तिथं माझ्या पायांचे खळगे, लहान. एक जरा वाकडा, कारण माझा डावा पाय बाहेर पडतो. त्याच्या पलीकडं पत्रा सुटलेला, आणि त्या फटीतून खाणीचा रस्ता. अगदी बाभळीच्या वळणापर्यंत.

त्याच रस्त्यानं मी रोज यायचो. उशीर झाला की पाय न वाजवता मागच्या बाजूनं शिरायचो, आणि जालूदादा मान वर न करता म्हणायचा, ये शेपूट, वळणावर धावलास आणि इथं येऊन चालायला लागलास होय. त्याला कसं कळतं, हे मला कधीच कळलं नव्हतं. मला वाटायचं, त्याचे कान तिखट आहेत.

पाच वर्षं तो इथून बघत होता...

"काय दिसतंय?" चाचांनी परत विचारलं.

"माझी जागा."

"कशी आहे?"

"...रिकामी."

मग मला रडू आलं. नदीवर आलं नव्हतं, वहिनींच्या दारात आलं नव्हतं. चाचा तिथंच उभे राहिले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही की पाणी दिलं नाही. रस्त्यावरून खाणीची गाडी गेली, तिची धूळ आत आली, बसली.

"जालिंदरची जागा कुणाला द्यायची नाही ना?"

"नाही."

"नको देऊ."

चाचांनी फुटकी पहार उचलून निखाऱ्यात सरकवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"तुझी दे."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. खाणीजवळून घमेलंभर मुरूम आणला. माझ्या जागचे दोन्ही खळगे भरले, पाणी मारलं आणि धुमसानं ठोकून जमीन सपाट केली. दुसऱ्याच्या खळग्यात पाय ठेवून घण मारणं अवघड असतं, आणि कुंडलिकला मी तो त्रास कशाला देऊ? डावीकडचे खळगे तसेच ठेवले आणि त्यात जाऊन उभा राहिलो.

कुंडलिक आला तो दारातच थांबला. कालचं त्याच्या लक्षात होतं. मी त्याला आत ये म्हणालो, समोरची जागा दाखवली. पायाखाली ओल आहे, जरा जपून, असंही सांगितलं. तो उभा राहिला. त्यानं पाय दोनदा हलवून बघितले.

चाचांनी पहार काढली. पिवळी धमक. हातोडीनं टकटक केलं.

मी घण उचलला आणि मारला. पहिला.

मग वाट बघितली. कुंडलिकचा घण उठायला उशीर झाला. पहार लाल व्हायला लागली तरी तो हातातली पकडच सारखी करत होता. मला राग आला. हात शिवशिवले, त्याच्या वाटणीचा घावही आपणच घालावा असं वाटलं. मी चाचांकडं बघितलं.

त्यांची नजर लोखंडावरच होती.

"जालिंदरही थांबायचा, तुझ्यासाठी," चाचा म्हणाले.