धामणीला पाठ

अहो पाव्हणं, हॉर्न नका वाजवू! धामण रस्ता ओलांडतेय, जाऊ द्या तिला. आणि ती हापशावरची बाई पाठ करून उभी राहिली ना, ती भिऊन नव्हे. आमच्या निंबळवाडीची ती रीतच आहे. का, ते सांगतो. घाई असली तरी ऐका.

फार मागं, या रस्त्यानं नुसत्या बैलगाड्या जायच्या तेव्हाची गोष्ट. ठकूबाईच्या एकुलत्या एका पोराला पान लागलं म्हणे. नाग चावला, पोर गेलं. सगळं गाव तिच्यासाठी रडलं, आणि रागाच्या भरात देवळात शपथ घेतली, दिसेल तो साप ठेचायचा. बिनविषारी धामणसुद्धा सोडली नाही. धामण म्हणजे उंदरांचा काळ, हे शेतकऱ्याच्या जातीला ठाऊक असून! मायेपोटीच केलं हो, पण वेडेपणाच की.

मग उंदीर नि घुशी अशा माजल्या की विचारू नका. शेतातलं खाऊन घरात शिरल्या, धान्याच्या कणग्या फोडल्या. रस्त्याची कड आतून पोखरली, गाड्यांची चाकं खचायला लागली. बिळांना धुरी दिली, पाणी ओतलं, काही उपयोग नाही. एके दिवशी पोखरलेली भिंत ठकूबाईच्या शेजारणीच्या, सगुणाच्या, घरातल्या पाळण्यालगत कोसळली. तान्ही पोर थोडक्यात वाचली. धामणी परत आणायला हव्यात, हे सगळ्यांना कळत होतं. पण शपथ ठकूबाईच्या पोरापायी घेतलेली. तिला सांगणार कोण?

असं सांगतात, की ती आपणहून आली. मातीनं माखलेली ती पोर तिनं उचलून पोटाशी धरली नि म्हणाली, "माझं गेलं ते गेलं. हिला तरी राहू द्या. मोडा ती शपथ."

डोंगरापलीकडून टोपलीत घालून धामणी आणल्या. वेशीत झाकण ठकूबाईनंच काढलं म्हणे. पण बघवेना तिला. तोंड फिरवून रडायला लागली. "जाऊ देत त्या घरोघरी," म्हणाली, "पण मला बघायला लावू नका गं बायांनो." तेव्हा सगुणा तिच्याशेजारी जाऊन तशीच पाठ करून उभी राहिली. मग एकेक करत सारं गाव.

आजही आम्ही धामणीला वाट देतो आणि पाठ फिरवतो. उंदीर आहेत अजून, नाहीत असं नाही, पण बेतात आहेत. ठकूबाईला जाऊन पिढ्या झाल्या. तरी तिला एकटीला तोंड फिरवून उभं राहायला लागू नये, एवढंच.