कोरड्या हौदावरचा माणूस

एकदा एका नगराचे तळे आटू लागले. नगर डोंगराच्या उतारावर वसलेले होते. माथ्यावर तळे, तळ्यातून जमिनीखालून निघालेला खापरी नळ, आणि त्या नळाने भरणारे पेठापेठांतले दगडी हौद, एवढीच तिथली पाण्याची व्यवस्था. जवळ नदी नव्हती. विहीर खणावी तर हातभर मातीखाली काळा कातळ लागे. सलग दोन वर्षे पाऊस नुसता शिंपडून गेला आणि तिसऱ्या वर्षी तोही आला नाही. तळ्याचे पाणी काठ सोडून मध्यभागी गोळा झाले. भोवतालच्या चिखलाला भेगा पडल्या.

नगरपालिकेने पाण्याचा सारा कारभार दाजीबा नावाच्या एका वृद्ध गृहस्थांवर सोपवला होता. त्यांच्या हाताखाली श्रीरंग नावाचा शिष्य होता. तिशीतला, दूरच्या शहरातून जलविद्या शिकून आलेला, कामाला वाघ आणि मनाने निर्मळ. दाजीबांनी संकट ओळखून पेठा वाटून घेतल्या. वरच्या पेठा त्यांनी स्वतःकडे ठेवल्या आणि खालच्या श्रीरंगकडे दिल्या. खालच्या बाजूला साळ्यांची आळी होती, तिला लागून एका व्यापाऱ्याचा कापड रंगवण्याचा कारखाना होता, आणि उताराच्या अगदी टोकाला दवाखाना होता. त्या उन्हाळ्यात अतिसाराची साथ आली होती आणि दवाखान्याच्या ओसरीवरही रुग्ण झोपवावे लागत होते.

श्रीरंगने आपल्या पेठांसाठी केलेली योजना निर्दोष होती. घरात माणसे किती, त्यावर पाणी किती हे त्याने ठरवले. श्रीमंत-गरीब असा भेद केला नाही. सर्वांत आधी त्याने रंगाच्या कारखान्याचे पाणी तोडले. व्यापारी रागावून आला, वरच्या ओळखी सांगून गेला, पण श्रीरंग बधला नाही. दवाखान्याला मात्र त्याने सर्वांच्या आधी स्थान दिले. हे सगळे त्याने पाटीवर स्वच्छ अक्षरात लिहवून घेतले आणि ती पाटी चौकात लावली.

दाजीबांनी योजना ऐकली, मान डोलावली आणि एवढेच विचारले की, कारखान्याचे पाणी तोडल्याचे साळ्यांना कुणी सांगितले आहे का.

"पाटीवर आहे ना," श्रीरंग म्हणाला.

उन्हाळा चढत गेला. एके दिवशी पाणी तळ्याच्या मोरीखाली, म्हणजे नळाच्या तोंडाखाली, गेले आणि नळात आपोआप उतरायचे थांबले. आता तळ्याच्या पोटात मोटा लावून बैलांकरवी पाणी वर ओढायचे आणि ते मोरीत ओतायचे, एवढाच मार्ग उरला. असे ओढलेले पाणी दवाखान्याला कसेबसे पुरणार होते. पेठांचे हौद काही दिवस बंदच ठेवावे लागणार हे उघड झाले. तशी दवंडी पिटवली गेली, पाटीवर नवा मजकूर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीबा वरच्या पेठेतल्या कोरड्या हौदावर गेले आणि कठड्यावर बसले. सवयीने, किंवा आशेने, बायका हंडे-कळश्या घेऊन येत होत्या. येईल तिला ते हात जोडून सांगत, "आज पाणी नाही. मीच बंद केलंय." कुणी कारण विचारले तर कारण सांगत. कुणी रडले तर ऐकून घेत. पुष्कळांनी शिव्या दिल्या. एका बाईने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि एका तरुणाने फुटक्या घागरीचे खापर त्यांच्या पायाशी फेकले. दाजीबा तिथून हलले नाहीत. ऊन डोक्यावर आल्यावर ते घरी गेले आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा येऊन बसले.

श्रीरंगच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा तो मोटांच्या कामात गुंतला होता. तो तसाच चिखलाच्या पायांनी खाली आला. आपल्या गुरूला लोक वाटेल तसे बोलताहेत आणि ते खाली मान घालून ऐकताहेत, हे पाहून त्याला फार अपमानास्पद वाटले. गर्दी पांगल्यावर तो त्यांच्याजवळ गेला.

"दाजीबा, दवंडी पिटली, पाटी लावली. तुम्ही इथं बसल्यानं हौदात थेंब तरी येणार आहे का?"

"नाही."

"मग कशासाठी बसता?"

दाजीबांनी त्याच्याकडे थकलेल्या डोळ्यांनी पाहिले. "तूही तुझ्या हौदावर जा," ते म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत.

श्रीरंग गेला नाही. तळ्यावर खरेखुरे काम पडले असताना रिकाम्या हौदावर जाऊन बसणे त्याला वेळेचा अपव्यय वाटला. म्हातारपणाने दाजीबा हळवे झाले असावेत, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तो पुन्हा वर गेला, आणि त्या दिवशी त्याने एक मोट वाढवली.

साळ्यांच्या आळीत पाटी ज्यांना वाचता येत होती त्यांनी वाचली होती. परंतु कोरड्या घशाने वाचलेल्या शब्दांवर विश्वास बसत नाही. तिथे भिवा नावाचा एक विणकर राहत होता. घरात त्याचा वृद्ध बाप एकोबा, बायको सगुणा आणि दोन लहान मुले होती. धाकट्याला ताप होता. भिवा एके सकाळी कारखान्याच्या भिंतीकडेने जात असता त्याला जमिनीखाली वाहत्या पाण्याचा आवाज आला. त्याने गुडघे टेकून कान लावला. पाणी स्पष्ट वाजत होते.

ते पाणी दवाखान्याचे होते. नळ कारखान्याच्या भिंतीखालूनच पुढे जात असे. पण भिवाला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, आणि ज्याला विचारावे असा माणूस आळीत कुठेच नव्हता. त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, आपले हौद बंद आणि व्यापाऱ्याचा नळ चालू, यात न कळण्यासारखे काय आहे? बघता बघता ही गोष्ट आळीभर झाली. माणसे कुदळी आणि पहारी घेऊन भिंतीपाशी जमली. पहिला घाव भिवाने घातला.

खापरी नळ फुटला तेव्हा पाणी कमरेइतके उसळले. बायका हंडे घेऊन धावल्या, मुले धावली, मागच्यांनी पुढच्यांना रेटले. काही भांडी भरली, पण त्याहून कितीतरी अधिक पाणी मातीत गेले आणि उताराने ओढ्याला मिळाले. खणलेल्या चराची कड भिजून मऊ झाली होती. वृद्ध एकोबा गर्दीतून वाट काढत कडेपर्यंत आला होता, तो मुलाला थांबवायला की नातवासाठी तांब्याभर पाणी घ्यायला, ते कुणालाच कळले नाही. मागून रेटा आला, कड ढासळली, आणि तो चिखलासकट खाली गेला. त्याच्यावर आणखी माणसे पडली. त्याला बाहेर काढले तेव्हा श्वास थांबलेला होता.

कुणीतरी डोंगर चढून तळ्यावर पोहोचले आणि मोटा थांबल्या. पहाटेपासून बैलांनी ओढलेले सारे पाणी वाया गेले होते.

दुपारी दवाखान्यातून निरोप आला की रुग्णांच्या तोंडात घालायलाही पाणी उरलेले नाही. दाजीबा उठले आणि वरच्या पेठेत दारोदार गेले. जे लोक हौदावर त्यांना रोज शिव्या देत होते, त्यांच्याच दारांत उभे राहून त्यांनी रुग्णांसाठी पाणी मागितले. लोकांच्या माठांच्या तळाशी जे काही होते, त्यातून त्यांनी दिले. सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बाईनेही अर्धी कळशी ओतली. "तुमच्या तोंडाकडं बघून देत नाही, त्या आजाऱ्यांसाठी देते," ती म्हणाली. दाजीबांनी मान लववली. तांब्या-तांब्याने जमलेले ते पाणी बैलगाडीतून खाली गेले.

तरी उशीर व्हायचा तो झालाच होता. त्या संध्याकाळी साळ्यांच्या आळीतून एक तिरडी निघाली आणि दवाखान्यातून दुसरी. ती फार लहान होती.

श्रीरंग दोन्हींच्या मागे लांबून चालत गेला. परतताना तो दाजीबांच्या अंगणात येऊन उभा राहिला. दाजीबांनी त्याला बसायला सांगितले, पण तो उभाच राहिला.

"माझा हिशेब कुठं चुकला ते सांगा," तो म्हणाला.

"हिशेब चुकला नाही. माझ्यापेक्षा तुझा हिशेब चांगला होता."

"मग हे का झालं?"

 दाजीबा सावकाश बोलू लागले. "पाणी द्यायला माणूस लागत नाही, श्रीरंग. चावी फिरवली की ते आपल्या उतारानं जातं. माणूस लागतो तो पाणी नाही हे सांगायला. तहानलेला पाटी वाचेल, पण पाटीला त्याला उलट विचारता येत नाही. मग तो शेजाऱ्याला विचारतो. शेजाऱ्याजवळ उत्तर नसतं, संशय तेवढा असतो, तोच तो देतो. मी त्या कठड्यावर बसतो ते याच्यासाठी. ज्यानं आपलं पाणी बंद केलं तो इथं आहे, त्याला विचारता येतं, चार शब्द सुनावता येतात, एवढं तरी लोकांच्या हाती राहावं. दुसरं द्यायला माझ्याकडे असतं तरी काय?"

"पण तळ्यावर मोटा कुणी बघायच्या होत्या?"

"मोटा बघणारे मिळतात. बंद ज्यानं केलं, त्याच्या जागी दुसरा कुणी बसून चालत नाही." मग ते म्हणाले, "चूक माझीही आहे. तू विचारलंस तेव्हा मी तुला नुसतं जा म्हणालो. कशासाठी ते सांगितलं नाही. मीही तुझ्यापुढं पाटीच धरली."

दुसऱ्या सकाळी श्रीरंग साळ्यांच्या आळीतल्या हौदावर जाऊन बसला. आळीत मागांचा आवाज नव्हता. घराघरांच्या दारांतून लोक त्याच्याकडे पाहत होते आणि पुढे कुणी येत नव्हते. काही वेळाने रिकामी घागर घेऊन एक बाई आली. ती भिवाची बायको सगुणा होती. त्याला ते ठाऊक होते. त्याने तिला आदल्या दिवशी तिरडीमागे रडताना पाहिले होते.

त्याने उठून हात जोडले. रात्रभर जुळवलेली वाक्ये त्याला आठवेनात.

"आज पाणी नाही," तो म्हणाला. "मीच बंद केलंय. उद्या देता येईल का, तेही मला सांगता येत नाही. कारखान्याला मी थेंबही देत नाही. काल नळात होतं ते दवाखान्याचं पाणी होतं. हे सांगायला मी इथं यायला हवं होतं. आलो नाही."

सगुणा खाली पाहत उभी राहिली. ती ओरडली असती तर त्याला सोपे गेले असते.

"दवाखान्याचं म्हणून कुणी सांगितलं असतं," ती अखेर म्हणाली, "तर मामंजींनी आळीतल्या कुणाला हात लावू दिला नसता त्या पाण्याला." आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन ती आल्या वाटेने निघून गेली.

तिच्यामागून इतर आले. तिने न दिलेल्या शिव्या त्यांनी दिल्या. एका म्हाताऱ्याने तर त्याला खुनी म्हटले. श्रीरंगने त्यालाही तेच सांगितले, त्याच शब्दांत, आणि म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा विचारले तेव्हा दुसऱ्यांदा सांगितले. ऊन चढेपर्यंत तो तिथे होता. तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. मोटांवर त्याने दुसरी माणसे नेमली. ती त्याच्याइतकी चोख नव्हती, आणि त्यामुळे थोडे पाणी कमीच आले. तेही तो हौदावर बसून लोकांना सांगत असे. नळाचा फुटलेला भाग दुरुस्त झाला. आकाश मात्र तसेच पांढरेफटक राहिले.

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी भिवा हौदापाशी आला. बापाच्या मरणानंतर त्याने श्रीरंगकडे डोळे वर करून पाहिले नव्हते, श्रीरंगनेही त्याला हाक मारायचे धाडस केले नव्हते. भिवाच्या खांद्यावर कुदळ होती. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले.

"भिंतीखाली पाणी वाजतंय," भिवा म्हणाला. "कुणाचं आहे?"

"दवाखान्याचं."

 भिवाने मान डोलावली, कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो घराकडे वळला.