मामांचा कॅमेरा आणि कासारीण द्वारका

फार मागची गोष्ट आहे. मुलांनो, ऐका; आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनीही ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं संस्थान होतं. त्या अख्ख्या संस्थानात कॅमेरा एकच आणि तो चालवणारा माणूसही एकच. तो जत्राजत्रांतून फिरायचा. लाकडी पेटीसारखा कॅमेरा तिवईवर ठेवायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचा आणि समोरच्याला सांगायचा, "आता हलू नका."

त्याला मूलबाळ नव्हतं. तो वारला तेव्हा कॅमेरा त्याच्या भाचीकडे आला. भाचीचं नाव द्वारका. बाजारपेठेत तिचं बांगड्यांचं दुकान होतं.

लहानपणी द्वारका मामांबरोबर जत्रांना जायची. ज्या काचेवर फोटो उमटतो ती काच त्यांच्या हातात द्यायची. पुढे अंधाऱ्या खोलीत ती काच आधी कोणत्या पाण्यात बुडवायची आणि मग कोणत्या, हे तिला पाठ होतं. पण स्वतः तिने एकही फोटो काढला नव्हता.

तिचा नवरा तुळशीराम म्हणाला, "देवघरात ठेवू. मामांची आठवण आहे. रोज पुसायचा, बाकी हात लावायचा नाही."

तेवढ्यात राजवाड्याचे कारभारी आले. कारभारी माणूस सरळ होता. ते म्हणाले, "बाई, राजेसाहेबांना अशा वस्तूंची आवड आहे. काचेच्या कपाटात ठेवतील, निगा राखतील. तुम्हाला दुकानावर नवी कौलं चढवून वर दुभती म्हैस घेता येईल, एवढी किंमत देतील. पुढच्या बाजाराला येतो, तेव्हा सांगा."

द्वारका विचारात पडली. दुकानाचं छप्पर खरंच गळत होतं. विकावा म्हटलं की मामांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. ठेवावा म्हटलं की वाटायचं, आपण नुसती एक पेटी पुसत बसणार. चार दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

बाजाराला तीन दिवस राहिले असताना विणकरआळीतली एक म्हातारी आपल्या लेकीला घेऊन दुकानात आली.

"द्वारके," म्हातारी म्हणाली, "तुझ्या मामाने मला शब्द दिला होता. हिचा आणि माझा मिळून एक फोटो काढून देणार होता. परवा ही नवऱ्यासोबत बोटीने परमुलखाला चालली. पुन्हा कधी दिसेल, कोण जाणे. आता तो शब्द कुणाकडे मागू?"

"मावशी, मला कुठे काढता येतो फोटो?"

"मला तरी कुठे कळतं त्यातलं? पण कॅमेरा तुझ्याकडेच आहे ना?"

द्वारकेने मामांची काचांची पेटी काढली. तीत कोऱ्या काचा तीनच उरल्या होत्या. तिने मायलेकींना अंगणात भिंतीशी उभं केलं, काळं कापड डोक्यावर घेतलं, भिंगावरचं झाकण काढलं आणि परत लावलं. अंधाऱ्या खोलीत जाऊन पाहते तो काच नुसतीच काळी. उजेड जास्त झाला होता.

दुसरी काच तिने बेताने वापरली. ती मात्र नीट उमटली. कागदावर छापून तिने तो फोटो म्हातारीला दाखवला. म्हातारीने तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ही काय मी? ही तर चोरी करताना सापडलेली बाई दिसते."

खरंच होतं ते. म्हातारीचे डोळे वटारलेले, लेकीच्या मुठी आवळलेल्या. दोघी शेजारी उभ्या होत्या, पण एकमेकींच्या कुणी लागत नाहीत अशा.

लेक खाली मान घालून म्हणाली, "राहू दे आई. होतं असं. निघू या."

द्वारकेने तिच्या मुठींकडे पाहिलं. अशा मुठी ती रोज पाहत होती. बांगडी चढवताना बायका घाबरून हात असाच आखडतात. आखडलेल्या हातात बांगडी चढत नाही. जोर केला तर फुटते. मग द्वारका त्यांच्याशी बोलत बसायची, घरचं विचारायची, आणि बोलता बोलता हात कधी सैल झाला ते त्यांनाही कळायचं नाही.

"बस गं इथे," ती लेकीला म्हणाली. "एवढी लांब चाललीस, हात भरून जा."

तिने दुकानाच्या ओट्यावर चटई टाकली. ओट्यावर सकाळचं चांगलं ऊन होतं. समोर कॅमेरा मांडून, काळ्या कापडाआडून नीट पाहून तिने तिसरी काच बसवून ठेवली. मग हिरव्या बांगड्यांचा जोड घेऊन ती खाली बसली.

"लहानपणी ही फार रडायची का हो मावशी?"

"रडायची? अगं, मागावर बसले की हिला सूत ओढायचं असायचं. एकदा ताण्याचे सगळे उभे धागे गुंतवून ठेवले आणि वर मलाच म्हणते, आई, बघ, घरटं केलं!"

लेक हसली. हात सैल पडला. एकेक करून बांगड्या चढल्या. शेवटची चढली तशी म्हातारीने लेकीचा हात आपल्या हातात घेतला आणि बांगड्या मनगटावर घट्ट तर नाहीत ना, हे फिरवून पाहू लागली. लेक आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

द्वारका हळूच उठली. "तशाच राहा," ती म्हणाली. तिने झाकण काढलं, मनात चार आकडे मोजले आणि झाकण लावलं.

दुपारी फोटो कागदावर उतरला. म्हातारीने तो पाहिला. पदराने कागद पुसायला गेली आणि मग लक्षात आलं, पाणी कागदावर नव्हतं, तिच्याच डोळ्यांत होतं. द्वारकेने त्याच काचेवरून दुसरी प्रत छापली. एक लेकीबरोबर बोटीने गेली, एक विणकरआळीत राहिली.

बाजाराच्या दिवशी कारभारी आले. "काय ठरलं बाई?"

"विकायचा नाही, साहेब."

"ठीक. म्हणजे जपून ठेवणार."

"नुसता ठेवायचाही नाही. वापरायचा."

कारभारी काळजीने म्हणाले, "अहो, राजवाड्यात तो शंभर वर्षं टिकेल. तुमच्याकडे झिजेल, मोडेल."

"झिजू दे," द्वारका म्हणाली. "मामांनीही झिजवलाच होता."

त्या पावसाळ्यात छप्पर गळलंच. बांगड्यांच्या पेट्या इकडून तिकडे हलवताना तुळशीराम दोन दिवस धुसफुसला. तिसऱ्या दिवशी मात्र नव्या काचा आणायला तोच बंदरावर गेला.

पुढे द्वारका सकाळी बांगड्या भरायची आणि दुपारी फोटो काढायची. तिच्या फोटोतली माणसं ताठ उभी नसायची; कुणी हसत असे, कुणी दुसऱ्याचं ऐकत असे. तिने बऱ्याच काचा वाया घालवल्या, आणि त्याहून जास्त साधल्या. सुरुवातीची काही वर्षं कुणी विचारलं, हा कॅमेरा कुणाचा, तर ती सांगायची, "मामांचा." मग कधीतरी, तिच्याही लक्षात न येता, ती म्हणू लागली, "माझा."

बोध एवढाच: वारसा हाती आला म्हणून आपला होत नाही, आपलं कसब त्यात ओतलं म्हणजे तो आपला होतो.