शाल्मलीचे सांधे

“रविवारच्या स्पर्धेतून माझं नाव का काढलंत, कृष्णाताई?”

कुरुंदवाडच्या योगशाळेच्या दारातूनच शाल्मलीनं विचारलं. एकोणीस वर्षांची पोर, पण शरीर असं, की घडी घालून ट्रंकेत ठेवावं. ती वाकली की टाळ्या पडत. खांदा निखळला तर हसत हसत स्वतःच बसवी आणि मैत्रिणींकडे ऐटीत बघे.

त्या निखळण्यावरूनच ताईंनी तिला मिरजेला धाडलं होतं.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“सांधे धरून ठेवणारी ऊतीच जन्मतः सैल आहे म्हणे. आजारच आहे हा. आणि आईकडून आला असावा.” शाल्मली फणकाऱ्यानं हसली. “माझ्या आईकडून! तिला चार पायऱ्या चढवत नाहीत. सारखं इथं दुखतं, तिथं दुखतं. घरात सगळे नाटकी म्हणतात तिला. मीसुद्धा.”

“तुझ्या वयाची असताना कशी होती?”

“फुगडीत तिला कोणी हरवत नसे, मागं वाकून हात जमिनीला टेकवी, असं...”

शाल्मली थांबली.



“ज्यांना वाकता येत नाही, तेच याला आजार म्हणणार!” तिनं मान ताठ केली. “तुम्हाला तरी कुठं येतं? सदा आपल्या सरळसोट.”

ताईंनी उजवा हात पुढे केला. मग सैल सोडला. हात कोपरातून उलटा वळला, वळतच गेला... ताईंनी दंड आवळला आणि तो पुन्हा सरळ आणला.

“हे... तुम्हालाही?”

“वडिलांकडून.”

“आणि कधी दाखवलं नाहीत!”

“उभी राहा.”

ती उभी राहिली. गुडघे नेहमीसारखे मागे गेले.

“पुढे घे. सरळ. आता धरून ठेव.”

एवढंच? शाल्मलीला हसू आलं.

मग मांड्या थरथरू लागल्या. कुठल्याच आसनात न येणारा घाम कपाळावर आला. सतरंज्या गोळा करणाऱ्या मुली थबकून बघत राहिल्या. कोणी टाळी वाजवली नाही. गुडघे मागे पळू बघत. ती दात आवळून त्यांना परत आणी.

बऱ्याच वेळानं ताईंनी मान हलवली, तेव्हा ती मटकन खाली बसली. छाती धपापत होती. एवढा अभिमान तिला स्वतःचा कधीच वाटला नव्हता.

“जमलं ना, ताई?”

“जमलं. उद्या आईला घेऊन ये.”