तिर्साआजीचं राहून गेलेलं काम

एकदा काय झालं, यरुशलेम नावाच्या गावात तिर्सा नावाची एक म्हातारी राहायची. घरात सून होती आणि तीन नातवंडं, तुमच्याएवढीच. नुसती वळवळ करायची. अनुग्रह, पाय पांघरुणात घे आधी, मगच पुढचं सांगते.

तर या तिर्साचा प्रभू येशूवर फार जीव. तो गावात आला की ती हातातलं काम टाकून त्याचं बोलणं ऐकायला जायची. आणि अशा माणसाला दुष्टांनी शुक्रवारी क्रुसावर मारलं. दिवस मावळला की शब्बाथ लागणार, म्हणजे विश्रांतीचा वार, कुणी कामाला हात लावायचा नाही. म्हणून लोकांनी घाईघाईत त्याला कबरेत ठेवलं आणि तोंडाशी ही एवढी मोठी धोंड लोटली.

तिकडे मयताला सुगंधी तेल लावायची रीत. तिर्साच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली. आपल्या माणसाला आपण सुगंधी तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही. अशी कशी पाठवणी करायची? शनिवारभर ती बसून राहिली. जेवलीसुद्धा नाही.

मग रविवारी उजाडायच्या आत ती उठली. तेलाची बरणी पदराखाली घेतली. शेजारीण म्हणाली, "बाहेर शिपाई फिरतायत, जाऊ नकोस." ही निघालीच. वाटेत येशूच्या ओळखीच्या बायका भेटल्या, त्याही तेल घेऊनच निघालेल्या. वेशीवरचा पहारेकरी खेकसला. या मान खाली घालून पुढे. मग एक जण म्हणाली, "बायांनो, ती धोंड कोण लोटणार?" तरी एकही मागे फिरली नाही, बरं का. आणि बाप्ये? त्याचे शिष्य, चांगले धट्टेकट्टे, दाराला कडी घालून बसले होते. घाबरले होते बिचारे. मला तर बाई या बायांचंच कौतुक वाटतं.

मग बागेत पोचतात तो काय, धोंड बाजूला आणि कबर रिकामी. आत लख्ख कपड्यांतला देवदूत बसलेला. तो म्हणाला, "तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो इथे नाही. तो जिवंत झालाय. जा, सगळ्यांना सांगा."

मग काय, सगळ्या पळत सुटल्या. तिर्सा आपले दुखरे गुडघेही विसरली. त्यांनी शिष्यांना सांगितलं. ते म्हणाले, "रडून रडून तुम्हाला भास झालाय." मग तिर्साने शेजारणीला सांगितलं. तिने हिच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "पडून राहा जरा." मग सुनेला सांगितलं. ती मान हलवून झाडलोट करायला लागली.

मग तिर्सा मटकन उंबऱ्यात बसली. कुणाला काही खरं वाटत नव्हतं. आणि बरणी तर भरलेली तशीच हातात. त्याच्यासाठी करायचं ते राहूनच गेलं, असं मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात नातवंडं डोळे चोळत बाहेर आली. "आजी, का रडतेस?" मग तिने त्यांना जवळ घेऊन सगळं सांगितलं. क्रूस सांगितला, कबर सांगितली, देवदूत सांगितला. पोरं श्वास रोखून ऐकत होती. खरं का, खोटं का, एकानेही विचारलं नाही. धाकटी तेवढी म्हणाली, "आजी, मग तो शुक्रवारपासून जेवलाच नसेल ना? त्याला किती भूक लागली असेल."

तिर्सा तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मेलेल्या माणसाला तेल लागतं, जित्या माणसाला भाकरी लागते. एवढं साधं आपल्या कसं लक्षात आलं नाही? तिने डोळे पुसले. बरणी फळीवर ठेवून दिली, चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं.

आणि संध्याकाळी प्रभू येशू खरंच आला, बरं का. दारं लावून बसलेल्या शिष्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. ते तर बघून थिजलेच. आणि मग त्याने काय मागितलं असेल? खायला मागितलं. तो आपल्या माणसांकडेच येणार, म्हणून तिर्साने भाकऱ्या फडक्यात बांधून शिष्यांकडे पाठवल्याच होत्या, अजून मऊ होत्या. तो जेवला, शिष्य जेवले, इकडे घरी तिर्साही पोरांना घेऊन पोटभर जेवली. सगळ्यांना बरं वाटलं.

चला, मिटा डोळे. उद्या ईस्टर, पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात उपासनेला जायचंय. तुमचे आजोबा आहेत तिथे. उठवल्यावर कुरकुर करायची नाही.