पाचव्या खळग्यातलं मीठ

बसा, पण त्या काळ्या धोंड्यावर टेकू नका. हा चौबोलीचा धोंडा. वर अंगठा बुडेल एवढे पाच खळगे आहेत, आणि पाचांतही मीठ आहे. कितीतरी जण येतात, फोटो काढतात आणि खाली उतरून विचारतात, मावशी, वर मीठ कुणी सांडलं? म्हणून मी आताशा आधी गोष्ट सांगते आणि मग मीठ हातावर देते. ही गोष्ट मला सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं.

या खाजणगडावर तेव्हा रायाजी दळवी किल्लेदार होता. खाली खाडीकाठी जी मिठागरं दिसतात, तिथं गोमी नावाची आगरीण मीठ ओढायची. होडीतून खाडीच्या तोंडाशी जायची आणि देशोदेशीच्या गलबतांना मीठ विकायची. बाई एकटी. नवरा गेलेला, आणि एकुलता मुलगा पोशा खलाशी होऊन एका मोठ्या गलबतावर चढला तो तीन वर्षं परतला नव्हता. कुणी म्हणायचं बुडाला, कुणी म्हणायचं कुठल्याशा परक्या किनाऱ्याला लागला. गोमी दुसरं खरं धरून चालायची. दिवस कसे काढायचे नाहीतर?

त्या वर्षी कुणा गोऱ्या टोपीकरांच्या गलबतानं किनाऱ्यावरची तीन गावं जाळली होती. सगळा मुलूख धास्तावला होता. अशात एका सकाळी गोमीच्या मिठागराच्या बांधाला तुटक्या डोलकाठीला बिलगलेले चार गोरे खलाशी लागले. अर्धमेले होते म्हणे. गोमीनं त्यांना पेज पाजली. चौघं आपसांत बोलायला गेले की अर्धं काम हातांनीच करत होते, हे तिनं पाहिलं. एक फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, एक फरासीस, म्हणजे फ्रेंच, एक इंग्रज, आणि एक वलंदेज, म्हणजे डच. गलबतांवर मीठ विकून तिला एवढा फरक कळत होता.

गडाचे शिपाई आले आणि चौघांच्या मुसक्या बांधून घेऊन गेले. गोमी मागोमाग गड चढली. रायाजीचं म्हणणं सरळ होतं. गावं जाळणारं गलबत एका मुलखाचं होतं. हे चौघंही एकाच मुलखाचे निघाले, तर ते त्याच टोळीतले. तसं असेल तर सूर्य बुडायच्या आत कडेलोट. गोमीनं हात जोडून सांगितलं की हे चार मुलखांचे आहेत, चाकरीपुरते एका गलबतावर आले असतील, मी जामीन राहते. रायाजी म्हणाला, ठीक आहे, पारखून घेऊ. आणि खोटी ठरलीस, तर त्यांच्या मागून तू.

चौघांना चार बुरुजांवर वेगळं ठेवलं. प्रत्येकाला तीन गोष्टी दाखवायच्या, त्यानं आपल्या बोलीत नाव सांगायचं आणि कारकुनानं जसं ऐकू येईल तसं टिपायचं. रायाजीनं तीन बोटं दाखवायची ठरवली, मग नाक. तिसरी वस्तू म्हणून गोमीच्या टोपलीतलं मूठभर मीठ उचललं. मिठाला कोण काय म्हणतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे तिला पाठ होतं. पण आता माघार कुठली घ्यायची?

दुपार कलली तेव्हा कारकून कागद घेऊन आला. त्यानं मोठ्यानं वाचलं. तीन बोटांना पहिला म्हणाला त्रेश, दुसरा त्र्वा, तिसरा थ्री, चौथा द्री. नाकाला नारीश, ने, नोज, न्योस. मिठाला साल, सेल, सॉल्ट, झाउट. सदरेवर कुजबुज सुरू झाली. रायाजीनं कारकुनाला सगळे शब्द पुन्हा एकदा वाचायला लावले. मग तो म्हणाला की एकाच तोंडचे शब्द आहेत हे, कुणी जरा वाकवून बोललं एवढंच. आणि शिपायांना त्यानं कड्याकडं बोट दाखवलं.

चौघांना इथं, या धोंड्यापाशी आणलं. पलीकडं खाली बघा, म्हणजे कळेल काय होणार होतं ते. चौघांतला एक रडत होता, आपलं काय चुकलं हेही त्याला कळत नव्हतं. गोमीला शिपायांनी मागं लोटलं, तिची पाळी चौघांनंतर होती. सूर्य खाडीवर टेकत आला होता. तेवढ्यात तिची नजर तोफेशी उभ्या असलेल्या जेठा गोलंदाजावर गेली. जेठा गुजरातेतला, वीस वर्षं रायाजीच्या पदरी. रायाजीचा जीव त्यानं दोनदा वाचवला होता.

गोमी पुढं झाली आणि तिनं जेठापुढं तीन बोटं धरली. जेठा गोंधळला, पण बोलला, "त्रण." मग तिनं आपल्या नाकाला हात लावला. तो म्हणाला, "नाक."

गोमी रायाजीकडं वळली.

"सरकार, याचा मुलूख तुम्ही कधी पाहिला नाही, यानं तुमचं जन्मगाव पाहिलं नाही. तरी याचं त्रण त्या त्रेशच्या जवळ जातं, आणि नाकाला तुम्ही दोघं नाकच म्हणता. त्या चौघांचं एवढंसुद्धा जुळलं नाही. मग टोळी कुणाची धरायची?"

रायाजीचा हात तलवारीवर गेला. गोमी हलली नाही. ती म्हणाली, "माझा पोशा असाच कुणाच्या तरी दारात उभा असेल. कुणी नाक दाखवून विचारलं, तर नाकच म्हणेल. त्यांच्या कुणा वैऱ्याच्या शब्दाला तो शब्द जवळचा निघाला, म्हणून त्याला ढकलायचं का, सरकार?"

रायाजीनं जेठाकडं पाहिलं. जेठानं मान खाली घातली नाही. सूर्याची कड पाण्यात गेली, आणि रायाजीनं हात तलवारीवरून काढून घेतला. शब्द किती दूरवरून येतात ते त्यांनाच ठाऊक, माणसाला त्याची शिक्षा नको, असं तो म्हणाला म्हणतात. मुसक्या सुटल्या.

चौघं खलाशी पावसाळा संपेपर्यंत गोमीच्या मिठागराच्या बांधांवर राबले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी छिन्नीनं इथं एकेक खळगा कोरला, त्यात चिमूट चिमूट मीठ ठेवलं आणि ज्यानं त्यानं आपल्या बोलीत त्याचं नाव घेतलं. पाचवा खळगा गोमीनं कोरला. पुढं जो परका येईल त्याला ती मीठ द्यायची आणि विचारायची, तुमच्याकडं याला काय म्हणतात? सांगणाऱ्याच्या तोंडाकडं एकटक बघायची. पोशा शेवटपर्यंत आला नाही.

आजही इथं येणाऱ्याला आम्ही गाव विचारत नाही, जात विचारत नाही. मीठ देतो आणि त्याच्या बोलीतलं नाव विचारतो. चार खळग्यांत मीठ घालताना ती चार नावं घेतो, जशी जमतील तशी. पावसात मीठ विरघळतं, मग परत भरतो. पाचवा मात्र तोंडातून शब्द न काढता भरायचा. त्या मिठाचं नाव पोशानं येऊन सांगायचं आहे.

हं, हात पुढं करा. तुमच्याकडं काय म्हणतात याला?