सारे क्षेम म्हणणारे राघू

एका राज्यात राघूच राघू झाले होते. कौलांवर राघू, रहाटावर राघू, राजाच्या छत्रावरही राघू. सगळ्यांच्या चोचीत एकच बोल, "सारे क्षेम! सारे क्षेम!" परका वाटसरू ऐके आणि म्हणे, काय सुखी राज्य हे! गावचा माणूस मात्र मान खाली घालून पुढे जाई. कारण ते राघू म्हणजे माणसेच होती.

त्याचे असे झाले. राजा विक्रांतसेनाची सात वर्षांची लेक इंदुलेखा तापाने गेली. राजाने कालकंठ मांत्रिकाला बोलावले.

"माझी लेक गेली, असे कोणी म्हणता कामा नये."

"कोणीच नाही, महाराज?"

"कोणीच नाही."

कालकंठाने मंत्र घातला. जो कोणी कुणाच्याही मरणाची वार्ता उच्चारील, त्याचा तत्क्षणी राघू होईल आणि तो 'सारे क्षेम' एवढेच बोलेल.

आधी हे नुसते दुःख होते. पुढे राजाला त्याची सोय कळली. तांब्याच्या खाणीत तीनशेवर खाणकऱ्यांनी कुदळी खाली ठेवल्या. "छताला टेकू लावा, मगच उतरू," म्हणाले. शिपायांनी त्यांना भाल्यांच्या टोकांनी आत लोटले. तिसऱ्या दिवशी खाण बसली. राजाने तिच्या तोंडावर शिळा रचल्या. आता वार्ता सांगणार कोण? त्या आठवड्यात नगरात राघू वाढले, इतकेच.

आणखी एक गोष्ट बंद पडली. डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्यांचे रंगस्थळ होते. दर चैत्रात तिथे एक जुना शोकखेळ होई. न ऐकणाऱ्या राजाचा खेळ. राजाने सगळ्यात खालच्या पायरीवर, उघड्या दगडावर बसून तो पाहायचा, अशी रीत होती. खेळात पंधरा जणांचा वृंद एका सुरात बोले. मरण कधी डोळ्यांपुढे दाखवत नसत. लाकडी मुखवटा घातलेला एक जासूद येई आणि घडले ते सांगे. पण शाप आल्यावर जासुदाचे सोंग घेणार कोण?

त्या नगरात भिवरा नावाची बाई होती. लोकांच्या घरची जमीन चोपणे हे तिचे काम. ओल्या मातीवर चौदा सोबतिणींसह ती ओळीने बसे, लाकडी चोपणी एकदम उचलली जात, एकदम पडत. तिचा नवरा राणोजी खाणीत होता. तीन वर्षांपूर्वी हैबती जासूद तिच्या दारात आला आणि म्हणाला, "भिवराबाई, खाणीत तुमचे राणोजी..." इतक्यात त्याच्या बाहूंना पिसे फुटली. उरलेले वाक्य राहून गेले. तेव्हापासून भिवरा रोज नवऱ्याचे ताट वाढून ठेवी, आणि ते ताट तसेच पाहत अर्धपोटी उठे.

एकदा तो राघू खाली उतरला आणि त्या ताटातला घास उचलला. भिवराने हाकलले नाही. "घे बाबा. तुझीही कुणीतरी वाट पाहत असेल."

वाट पाहणाऱ्या ताटातले अन्न पोटात जाताच राघूला वाचा आली. तीन घास, तीन वाक्ये.

"शाप एकट्याच्या जिभेवर बसतो, पंधरा जणी एका श्वासात बोलल्या, तर त्याला बसायला जागा नाही."

"जासुदाचा मुखवटा खजिन्यात आहे, तो आण."

"शेवटचा शब्द राजाच्या तोंडून निघाला पाहिजे."

चौथा घास तिने घाईने पुढे केला. "आणि माझा राणोजी?"

"सारे क्षेम," राघू म्हणाला, आणि मान फिरवून बसला.

पहिले काम श्वासाचे. चोपणारणींचे हात जुळलेले होतेच, श्वास जुळायला महिना लागला. सगळ्यांत थोरली साळू आत्या मात्र दर वेळी अर्धा श्वास पुढे.

"आत्या, जरा थांबा की!"

"थांबू कशी? जन्मले तीच सातव्या महिन्यात!"

दुसरे काम खजिन्याचे. तिथली जमीन चोपायच्या निमित्ताने भिवरा आत गेली. राखणीला नाग होता. तो म्हणाला, "सोने घे."

"सोने नको. लाकडी मुखवटा हवा."

"त्याला हात लावील त्याची खोटी आशा जाते. मग ती परत मिळत नाही. बघ बाई."

भिवराने मुखवट्याकडे पाहिले. तीन वर्षे तिने जे काही जपले होते, ते हेच. मग तिने हात पुढे केला. मुखवटा हलका होता. बाहेर आल्यावर तिला ऊन नुसते ऊन दिसले, वाट नुसती वाट. त्या संध्याकाळीही तिने ताट वाढले. पण दाराकडे पाहिले नाही.

तिसरे काम राजाचे. चैत्रात राजाने क्षेमोत्सव मांडला. रंगस्थळाची जमीन चोपायला भिवराच्या बायांना बोलावणे आले. पायऱ्यांवर प्रजा बसली, राजा उंच गादीवर, शेजारी राणी पद्मावती, मागे कालकंठ. चोपणी उठली, पडली. उठली, पडली. भिवराने खूण केली. पंधरा छात्या भरल्या.

"इंदु..." साळू आत्या अर्धा श्वास आधीच बोलली. तिच्या जागी चोपणे उरले आणि एक राघू भुर्रकन उडाला.

बाकीच्यांनी श्वास गिळला. चौदा! शिपाई पुढे सरकले. प्रजा चित्रासारखी बसलेली.

तेव्हा राणी उठली. पैंजण काढून तिने गादीवर ठेवले आणि पायऱ्या उतरून साळू आत्याच्या जागी ओल्या मातीत बसली.

"मला चोपता येत नाही," ती हळूच म्हणाली.

"माझ्या हाताकडे बघा, बाईसाहेब. श्वास आपोआप येतो," भिवरा म्हणाली.

चोपणी उठली, पडली. आणि पंधरा जणी एका श्वासात बोलल्या, "इंदुलेखा गेली. खाणीत तीनशे गेले."

शाप आला. या जिभेवरून त्या जिभेवर वाऱ्यासारखा फिरला. त्याला बसायला जागा सापडेना.

"महाराज, कान झाका!" कालकंठ ओरडला.

राजाने हात वर नेले होते. पण त्यात पद्मावतीचाही आवाज होता, आणि तो आवाज त्याने लेक गेल्यापासून ऐकला नव्हता. भिवरा मुखवटा घेऊन त्याच्यापुढे गेली.

"हा धरावा, महाराज. मीही धरला आहे."

राजाने मुखवटा धरला. त्याचा चेहरा म्हातारा झाला. तो गादीवरून उतरत उतरत सगळ्यात खालच्या पायरीवर आला आणि उघड्या दगडावर बसला.

"माझी इंदू गेली," तो म्हणाला. मग, "आणि खाणीतले तीनशे मी मारले."

कौलांवरून, झाडांवरून माणसे उतरू लागली. कुणाच्या केसांत पीस, कुणाच्या तोंडात अजून पेरूची फोड. साळू आत्या चिखल झटकत म्हणाली, "सगळ्यांत शेवटी गेले, तरी सगळ्यांत आधी उतरले की नाही?" कालकंठाने दुसरा मंत्र म्हणायला तोंड उघडले; त्यातून "सारे क्षेम" एवढेच निघाले, आणि पुढे जन्मभर तेवढेच निघत राहिले.

खाणीच्या तोंडावरची पहिली शिळा राजाने आपल्या हातांनी काढली. लोक पाहत होते. जयजयकार कोणी केला नाही. मुकुट पंचांपुढे ठेवून तो निवाड्याला उभा राहिला.

भिवरा घरी आली, तो हैबती जासूद दारात उभा. तीन वर्षांपूर्वी होता तिथेच.

"भिवराबाई, खाणीत तुमचे राणोजी गेले. छत खचले तेव्हा मी फटीजवळ होतो. त्यांनी खांदा लावून तुळई धरली. सातजण त्या फटीतून बाहेर आले. मला म्हणाले, तिला सांग, माझ्यासाठी थांबू नको. वेळेवर जेवत जा."

भिवरा उंबऱ्यावर बसली आणि मोठ्याने रडली. शेजारणीही येऊन रडल्या, कारण आता रडता येत होते.

मग तिने डोळे पुसले आणि दोन ताटे वाढली. एक हैबतीपुढे ठेवले. दुसरे आपल्यापुढे ओढून पहिला घास घेतला.

त्या राज्यात पुन्हा दर चैत्रात खेळ होतो. राजा कोणीही असो, बसतो खालच्या पायरीवर. आणि जासूद बोलायला उभा राहिला की पायऱ्यांवरची सगळी माणसे आधी एक श्वास घेतात, एकदम.